लाल मिरचीशेजारी लाल

वैद्य मॅडम भाजीवाल्याला भाव विचारत नसत, खत विचारत. गारखेड्याच्या बाजारात करीमभाईंच्या गाड्यापुढे उभं राहायचं, ढोबळी मिरची उचलायची, देठाशी नाक न्यायचं आणि म्हणायचं, "हिला काय घातलं होतं?" करीमभाई आधी चिडले, मग हरले. "मॅडम, भाव पूछो ना. खत का मेरेकू क्या मालूम, मैं तो मंडी से लाता." तरी मिरच्या घेतल्या जायच्या आणि दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत कापल्या जायच्या. अर्धी तपासायला, अर्धी आमच्या डब्यांत. त्या काळात अख्खी मिरची मी कधी खाल्ल्याचं आठवत नाही.

मी त्यांचा सहायक. म्हणजे काचेची भांडी धुणारा, आणि धुताना फोडणारा. रुजू झालो त्याच आठवड्यात माझ्या हातून ब्युरेट फुटलं. वाटलं, गेली नोकरी. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं नि म्हणाल्या, "काच फुटली की आवाज होतो, ते बरं असतं. आकडा फुटला की आवाज होत नाही." मी गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं, पण मान डोलावण्यात माझा हात धरणारा त्या इमारतीत कोणी नव्हता.

ती लागोपाठच्या दुष्काळाची वर्षं. शहराला मात्र दुष्काळ ठाऊक नव्हता. ते बिडकीनच्या दिशेनं पसरतच होतं. पडीक रानांत पिकाऐवजी प्लॉटचे हद्दीचे दगड उगवत होते. यात पंचाईत झाली भिवामामांची. मामा धनगर. पेरणीआधी शेतकरी त्यांना बोलावून रानात मेंढरं बसवून घेत. कळप मुक्कामाला राहिला की लेंड्यांनी जमीन खतावते आणि मामांच्या घरी धान्य येतं. आता रानं कमी झाली, आणि उरलेल्यांत युरिया आला. युरियाचं पोतं रात्री बेंबाटत नाही, शेजाऱ्याची ज्वारीही खात नाही. मामांनी अर्धा कळप विकायचं व्यापाऱ्याशी बोलून ठेवलं होतं.

मॅडमचा जीव लेंडीखतावर. त्यावर वाढलेली ढोबळी मिरची जास्त पौष्टिक निघते, हे एकदा सिद्ध झालं की त्या भागातले मिरचीवाले शेतकरी मामांना पुन्हा बोलावतील, अशी त्यांची आशा. म्हणून कॉलेजच्या जमिनीच्या तुकड्यात त्यांनी मिरची लावली. एका वाफ्याला मामांचं लेंडीखत, शेजारच्याला युरिया आणि बाकीची पोत्यातली खतं, पुन्हा लेंडीखत, असे आलटून पालटून.

तोडणीच्या दिवशी मॅडमना ताप होता, म्हणून मी एकटा गेलो. आता मॅडमचं मन कुठं आहे हे मला माहीत. तेव्हा लेंडीखताच्या मिरच्या मी अशा निवडल्या, जणू मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत. टपोऱ्या, तकतकीत, लालभडक. शेजारच्या वाफ्यातल्या हाताला लागतील त्या हिरव्या. संध्याकाळपर्यंत तपासणीही उरकली. लेंडीखताच्या मिरचीत क जीवनसत्त्व कितीतरी जास्त. मी मोटारसायकलला किक मारली ती थेट मामांच्या बिऱ्हाडावर. म्हटलं, "मामा, जिंकलो आपण. मेंढरं विकू नका." मामांनी त्याच पावली व्यापाऱ्याला नाही म्हणून निरोप धाडला.

मॅडमनी आकडा पाहिला. चेहऱ्यावर आनंदाचा टिपूस नाही. "मनासारखं उत्तर आलं की आधी त्याचे खिसे तपासावेत," त्या म्हणाल्या आणि फ्रीजमधले उरलेले तुकडे काढायला लावले. एका ताटलीत सगळ्या लाल, दुसऱ्या ताटलीत सगळ्या हिरव्या. मला तरीही ते दृश्य सुंदर वाटलं.

"अरे, आई आणि पोर शेजारी उभी करून उंची मोजलीस तू. मिरची पिकून लाल झाली की क जीवनसत्त्व वाढतंच. तू खत तपासलं नाहीस, वय तपासलंस."

मग मी मामांना काय सांगून आलोय ते सांगितलं. त्यांनी वहीतल्या माझ्या आकड्यावर काट मारली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रयोग पुन्हा करायचा तर झाडं जगवायला हवीत, आणि तुकड्यावरची विहीर आटलेली. मॅडमनी घरी येणाऱ्या टँकरच्या पाण्यातून वाटा काढला. घरची भांडी राखेनं घासली जाऊ लागली आणि त्यांच्या मोटारीच्या मागच्या सीटवर माणसांऐवजी पाण्याचे कॅन बसू लागले. मी ते वाफ्यापर्यंत वाहायचो. एक वाटेत सांडला, तेव्हा त्यांनी मला नव्हे, जमिनीला विचारलं, "तुला तरी मिळालं ना?"

या वेळी त्यांनी स्वतः तोडणी केली. लालशेजारी लाल, हिरवीशेजारी हिरवी. उत्तर आलं ते असं: लेंडीखताच्या मिरचीत जीवनसत्त्व जास्त होतं, पण थोडंसंच. आणि मिरच्या युरियाच्या वाफ्यांना जास्त लागल्या होत्या.

निकाल सांगायला शेतकऱ्यांचा मेळावा ठरलेलाच होता. मी सुचवलं, "मॅडम, 'जास्त आहे' एवढंच म्हणा ना. खोटं थोडंच आहे?"

"अर्धं खरं बोलायला मी कशाला हवी? तू आहेस की."

मामा नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते. मॅडमनी त्यांच्याकडे बघतच सगळं सांगितलं. आधीचा आकडा चुकीचा होता, फरक थोडा आहे, उत्पन्न कमी आहे. एकानं विचारलं, मग लेंडीखत घालून मिळवायचं काय? मॅडम म्हणाल्या, "पाणी तुटलं तेव्हा युरियाचे वाफे आधी माना टाकायचे. पण हे मी डोळ्यांनी पाहिलंय, मोजलेलं नाही. त्यावर पैज लावू नका." आपल्या आवडत्या गोष्टीबद्दल इतकं कमी बोलणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मामा उठले. मी खुर्ची मागे सरकवून पळायची वाट हेरून ठेवली.

"मेंढी इकताना म्या बी तिचं तोंड उघडून दात दावतो, बाई," मामा म्हणाले. "म्हातारी आसंल तर म्हातारी सांगतो. तुमी बी तेच केलं. आवडलं नाय, पण पटलं."

त्या हंगामात थोड्या शेतकऱ्यांनी मामांचा कळप बसवून घेतला. एकजण मला म्हणाला, जी बाई स्वतःचा माल कमी सांगते तिचं पाण्याबद्दलचं खरं धरायला हरकत नाही. पण ते पुरेसं नव्हतं. मामांनी मेंढरं विकलीच. अर्धी नव्हे, त्याहून थोडी कमी. त्या उरलेल्या मेंढरांचं खत मॅडमच्या गच्चीवरल्या कुंड्यांना शेवटपर्यंत येत राहिलं.

मॅडम गेल्या. त्या आठवड्यात मी करीमभाईंच्या गाड्यापुढे जाऊन उभा राहिलो. सवयीनं एक लाल मिरची उचलली, एक हिरवी उचलली आणि विचारलं, "हिला काय घातलं होतं?"

करीमभाईंनी माझ्या हातातली हिरवी काढून घेतली आणि ढिगातून शोधून एक लाल ठेवली. पहिलीएवढीच लाल.

"काटके देखना है ना? तो दोनों एक जैसे लेव," ते म्हणाले. "मॅडम ऐसेच लेती थी."