शाल सावरणारे नानासाहेब

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ज्यांच्या हाताखाली फोटो दुरुस्तीचं काम शिकले त्या सरांनाही नाही. तुम्हाला सांगते आहे.

नागपूरचे असाल तर तो फोटो तुम्ही पाहिलेला आहे. रंगभूमी गाजवलेले नानासाहेब खुर्चीत बसलेले, मान किंचित वळलेली, उजव्या हाताची बोटं डाव्या खांद्यावर — जणू शाल सावरताहेत. त्यांच्या नावाच्या पुरस्काराच्या मानचिन्हावरही आता तीच मुद्रा असते. काय ऐट, असं लोक म्हणतात. खालची ओळही सगळ्यांना पाठ आहे : कलेशीच लग्न केलेला माणूस.

जुने फोटो दुरुस्त करणं हे माझं काम. बुरशी, ओल, चिरा — नुकसान कोणतं आणि चित्र कोणतं हे ठरवायचं, आणि नुकसान तेवढं काढायचं. मी त्यात चांगली आहे. नानासाहेब गेल्यावर त्यांच्या स्मृतिप्रदर्शनाचं काम मला मिळालं होतं आणि त्यामागे प्रदर्शन भरवणाऱ्या समितीकडची कायमची नोकरी दिसत होती. ती मला हवी होती — फार हवी होती.

हा फोटो घेऊन गुलाबराव आले, उमरेडहून, एसटीने. नानासाहेबांचे तबलजी. जन्मभर त्यांच्याच घरात राहिलेले, आणि ते गेल्यावर पुतण्यांनी गावी धाडलेले. फोटो दुपट्ट्यात गुंडाळलेला होता.

"आमच्या दोघाईचा हा एकच हाये, बेटा," ते म्हणाले. "बुरशी काढ अन् वापस दे मले."

फोटोत नानासाहेब बसलेले होते, गुलाबराव बाजूला उभे. गुलाबरावांचा हात नानासाहेबांच्या खांद्यावर. आणि नानासाहेबांची बोटं — त्या हातावर.

मित्रांचे असे फोटो असतातच की, म्हणाल? असतात. मी शेकड्याने पाहिलेत. त्यांत माणसं कॅमेऱ्याकडे बघतात. ज्यांची एक नजर मिळावी म्हणून बायका पहिल्या रांगेसाठी भांडत, ते नानासाहेब इथे त्या हाताकडे बघत होते.

प्रदर्शन समितीचे अध्यक्ष म्हणजे थोरले पुतणे. "फोटो स्वच्छ करा, मॅडम," एवढंच ते म्हणाले होते. याहून एक शब्दही जास्त नाही. बाकीचं सगळं माझं.

गुलाबरावांना काढणं सोपं होतं — चौकट आत घेतली. हात मात्र खांद्यावर उरला. तो मी शालीच्या विणीने झाकला, धाग्याला धागा जुळवून. सुबक काम झालं. अहवालात लिहिलं : खराब भाग काढला.

उद्घाटनाला गुलाबराव आले. फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले.

"माहा हात कुठी गेला वं?"

"तिथे बुरशी होती, काका."

"मस्त निवडून लागली बुरशी," ते म्हणाले, थट्टेत बोलावं तसं. मग हळूच, "मंग जुनाच दे वापस."

जुना मी समितीच्या हवाली केला होता. तसं सांगितलं. पण मूळ फोटोची प्रत माझ्या संगणकात होती. ती छापून देणं कितीसं अवघड होतं? मी दिली नाही. ती बाहेर आली असती तर माझं सुबक काम उघडं पडलं असतं — आणि नोकरी अजून पक्की व्हायची होती. ते "बरं" म्हणाले आणि बसस्टँडकडे निघाले. मी टेबलाशी परत आले आणि ती प्रत पुसून टाकली.

नोकरी पक्की झाल्यावर मूळ फोटोबद्दल मी थोरल्या पुतण्यांना एकदा विचारलं. "कोणता?" ते म्हणाले. गुलाबराव तोवर राहिले नव्हते.

मानचिन्हाचा नमुना दरवर्षी तपासणीसाठी माझ्याकडेच येतो. नीट पाहिलं तर दिसतं — नानासाहेबांची बोटं शालीला टेकलेली नाहीत. किंचित वर आहेत, एका तळहाताच्या जाडीएवढी. तेवढं मला जुळवता आलं नव्हतं.

मी नमुन्यावर 'योग्य' असा शेरा मारते आणि सही करते.