गूळ चालतो, असं कुणी सांगितलं?

आमचे मामंजी सर्जेराव पणदऱ्यातले गुळवे. काहिलीत उसाचा रस उकळत असतो, आणि तो नेमका कधी उतरवायचा हे गुऱ्हाळात एकच माणूस ठरवतो, तो गुळव्या. थोडा पाक गार पाण्यात सोडायचा, बोटांनी गोळी वळायची, जिभेला लावून बघायची. जरा चुकलं की ढेप बसत नाही. मामंजींची गोळी चाळीस वर्षांत चुकली नव्हती, त्यामुळं तोरा असा की विचारू नका! साखर म्हटलं की नाक मुरडायचे.

चौऱ्याण्णव साली त्यांना सारखी तहान लागायला लागली. बारामतीला नेलं, तर डॉक्टर म्हणाले मधुमेह. जेवणाआधीच्या गोळ्या दिल्या, साखर बंद केली. बिनसाखरेचा चहा उतरत नाही म्हणून मामंजींनी तिथंच रडगाणं लावलं, तेव्हा चहात टाकायची सॅकरीनची गोळी लिहून दिली. ज्वारीच्या दाण्याएवढी, पांढरी. पहिल्या घोटालाच मामंजींचं तोंड वाकडं झालं. "मागनं कडू लागतंय," म्हणाले, पण प्यायचे. महिना-दोन महिन्यांत तहान कमी झाली. सगळं बरं चाललं होतं हो.

आणि मग मी माती खाल्ली.

मी निरवांगीची, सातवी पास. शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सोडून वाचायची मला खोड. एकदा त्यात निघालं की, ही गोड गोळी उंदरांना चारली आणि त्यांना मूत्राशयाचा कर्करोग झाला. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचता येतं ना, मिरवायचं होतं. माझ्या सासूबाई द्वारकाबाईंनी त्या गोड गोळ्यांची बाटली तशीच उचलली आणि मागच्या उकिरड्यावर टाकायला गेल्या. मामंजी चेहरा पाडून म्हणाले, "आता चा फिक्काच प्यायाचा व्हय?"

तेव्हा तिथं आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "गूळ टाकते की. तुमच्या हातचा हाय, निर्मळ हाय. डॉक्टरनी साखर बंद केलीया, गूळ कुठं केलाय?"

कुणी विचारलं होतं का मला? पण बोलले. मामंजींचा चेहरा कसा खुलला म्हणून सांगू! त्या दिवसापासून दिवसाला चार कप, गुळाचे, माझ्या हातचे. तहान परत सुरू झाली तर आम्ही उन्हावर खापर फोडलं. तपासायला कोण जातंय? माणूस हिंडतंय-फिरतंय, झालं.

पुढच्या हंगामात एका संध्याकाळी ते पाय धुवायला बसले. मी पाणी ओतत होते. डाव्या अंगठ्यावर हा एवढा फोड.

"मामंजी, कधी भाजलं?"

"कुठं?" म्हणाले.

उकळत्या पाकाचा थेंब पडलेला, आणि माणसाला पत्ता नाही. तरी आम्ही आठ दिवस हळद-तेल लावत बसलो. अंगठा काळा पडला, वास यायला लागला, तेव्हा कुठं माझ्या नवऱ्यानं, रणजितनं, जीप करून बारामतीला नेलं.

"पाय वाचतोय का बघू," डॉक्टर म्हणाले. काहिलीपाशी दिवसभर उभं राहणारा माणूस, त्याला पाय नसला तर काय उरलं? मी तिथंच राहिले. रोज सकाळी पट्टी सुटली की काळं किती वर सरकलं ते बघायची. देवाला काय काय बोलले, तेही आता आठवत नाही. नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखालून काढावा लागेल.

मग त्यांनी सगळं खोदून विचारलं. उंदरांचं ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, त्या उंदरांना ढिगानं चारलं होतं. तेवढी गोळी पोटात जायला तुम्हाला दिवसाला शेकडो कप चहा प्यावा लागेल. आणि गूळ? रक्तात गेला की साखर नि गूळ एकच. गूळ चालतो, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

सासूबाई, रणजित, सगळे मामंजींकडं बघत होते. मी सांगायला तोंड उघडलंही होतं.

"कुनी न्हाय सायेब," मामंजी म्हणाले. "सूनबाई नगं नगं म्हनत हुती. मलाच जिभंचा चस्का."

याला तीन वर्षं झाली. मामंजी ओसरीला बसून असतात. गुऱ्हाळाची माणसं कधीमधी पाक विचारायला येतात, तीही आता कमी झाली. भेटायला कुणी आलं की सासूबाई सुरू: "जिभंपायी पाय घालवला बघा यांनी. सून बिचारी किती सांगत हुती!" आणि ते मान खाली घालून ऐकतात. पाहुणे माझं कौतुक करतात. मी चहा देते. हे ऐकून ऐकून जीव अगदी विटलाय माझा.

परवा न राहवून त्यांना म्हटलं, "मामंजी, आज सगळ्यांना खरं सांगून टाकते."

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. म्हणाले, "गप बस, पोरी. माझं किती ऱ्हायलंय? तुला अजून लई वरसं काढायचीत या घरात."

आणि मी गप्प बसले. खरं सांगते, मला बरंच वाटलं.