दोनची गाडी

अख्ख्या संगमनेरात रेल्वेच्या नादाने वाया गेलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा मित्र आहे. ज्या गावाला रूळच नाहीत तिथे जन्म काढला, दूध डेअरीतून निवृत्त झाला आणि मग या गृहस्थाने जपानमधल्या एका एवढ्याशा स्टेशनावर जीव लावला. जावयाने मोबाईलवर तिथला दिवसरात्र चालू असणारा कॅमेरा दाखवला, तेवढं निमित्त. एक फलाट, एक बाक, एका डब्याची गाडी. स्टेशनाचं नाव याला वाचता येत नाही. हा त्याला "आपलं ठेसन" म्हणतो. तिथली संध्याकाळची गाडी आपल्या दुपारी दोनला येते. त्याआधी हा सदऱ्याचं वरचं बटण लावतो आणि गाडी दिसली की उभा राहतो. एकदा कोल्हारचे व्याही पत्रिका घेऊन नेमके दोनला आले, तर त्यांना उंबऱ्याबाहेरच हात दाखवून म्हणाला, "पिवळ्या पट्ट्याच्या मागं थांबा, गाडी येतीया!" व्याही बिचारे थांबलेही.

हसायला ठीक आहे, पण दुपारी दोन ही आमच्या बुद्धिबळाची वेळ होती. खोटं कशाला बोलू, मी जळलो. लोक भावकीवर जळतात, मी एका फलाटावर जळलो. एके दिवशी गेलो तर आमचाच पट भिंतीला उभा करून त्याला मोबाईल टेकवलेला! गाडी येऊन गेली तरी हा बघतच होता.

"आता काय राहिलं?" मी विचारलं.

"फलाट झाडत्यात."

मी चपला घातल्या आणि निघून आलो. आठ दिवस फिरकलो नाही.

नवव्या दिवशी बायकोनेच मला घराबाहेर काढलं. तो ओट्यावर एकटाच बसला होता, शेजारच्या माझ्या खुर्चीत त्याची टोपी.

"त्या बाकावर रोज दोघं म्हातारे यायचे," मोबाईलवरची नजर न काढता तो म्हणाला. "गाडीत न्हाई चढायचे, नुसतं बसायचे. आठ दिस झालं, एकलाच येतोय. जागा धराया शेजारी पिशवी ठिवतोय. मला लई कसंतरी हुतंय बघ."

मग त्याने खुर्चीतली टोपी उचलून डोक्यावर घातली. "बस."

आता मी रोज दोनच्या आधी जातो. डाव गाडी गेल्यावर मांडतो. हेवा पार गेला असं म्हणणार नाही, ते स्टेशन मला अजून खुपतं. पण मोबाईल लागला की मीही आधी त्या बाकाकडे बघतो. दुसरा म्हातारा अजून आलेला नाही.