तांदळाचा पेशंट

"सर, आज आपके पेशंट को भूखा रखा है ना?"

टेक्निशियन भैया दारातून विचारत होता. सर सीटी स्कॅनच्या टेबलावर तांदळाची पोती माणसासारखी ओळीने निजवत होते. भनपुरीच्या बाजारातून स्वतः स्कूटरवर आणलेली.

"हव," सर म्हणाले. "और वो तेरे जैसी बकबक भी नहीं करता."

रायपूरच्या आमच्या रुग्णालयात रेडिएशनआधी याच मशीनवर स्कॅन होई. गाठीवर किरण नेमके कुठे सोडायचे, ते त्यावरून ठरे. टेबल वजनाने वाकत नाही ना, लेझरच्या रेघा खुणेवर पडतात ना, हे तपासणं आमचं काम. सर वरिष्ठ, मी नवी.

"रिकामा टेबल सरळच असते, पोरी. वजन आल्यावर पाहाव."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. रागावतानासुद्धा हातावर बडीशेप ठेवणारी.

घरी आई-बाबा मराठीत बोलत, मी हिंदीत उत्तर देई, शाळा इंग्रजी. त्यामुळे मला तीन भाषांत गप्प बसता येई. चूक दिसली की मी तिच्यावर नुसतं बोट ठेवायची. सर बघत आणि बाहेर जाऊन मोठ्याने सांगत.

एकदा पोत्यांखाली टेबल पायाकडे झुकलं. मी बोट ठेवलं. बाहेर बीरगांवची एक आजी स्कॅनसाठी उपाशी बसली होती.

"दो मिलीमीटर ही तो है!" डॉक्टर वैतागले.

"गाँठ रीढ़ की हड्डी से चिपकी है, डॉक्टर साब," सर म्हणाले. " आज नहीं होगा."

मग सर आजीसमोर उकिडवे बसले, तिला चहा पाजला. तिने छत्तीसगढीत मनसोक्त शिव्या दिल्या. सर मान डोलवत ऐकत राहिले.

परत येऊन मला म्हणाले, "तुले तर माह्या आधी दिसते. मंग बोलत काहून नाहीस?"

मी नेहमीसारखी हसले.

उन्हाळ्यात सर निवृत्त होऊन नागपूरला लेकीकडे गेले.

पुढच्याच सोमवारी लेझरची रेघ खुणेवरून सरकलेली दिसली. दाराशी स्ट्रेचरवर एक बाई मुलीला विचारत होत्या, "आता होईल ना गं?" मी रेघेवर बोट ठेवलं आणि मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"पेशंट को ले लें?" डॉक्टरांनी बाहेरूनच विचारलं.

"नहीं सर. लेझर हटा हुआ है." मी स्ट्रेचरपाशी गेले.

"आज नाही होणार, काकू. रागवायचं तर माझ्यावर रागवा."