पाहुण्यांच्या ड्रमची चावी

मी बी.ए. आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकचं तोंड बघितलं नव्हतं, म्हणून हे आधी सांगतो. त्यात लाजायचं काय? धारूरकडच्या डोंगरकडेला आमचं गाव आणि गावच्या सहकारी दूध संस्थेचा मी सचिव. सचिव कुणी म्हणत नसे, 'शिकट्री' म्हणत.

दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली, संस्थेचे कॅन उपडे पडले. तेव्हा दूध संकलन केंद्रामागच्या दोन रिकाम्या खोल्या रंगवून किल्ला बघायला येणाऱ्यांना सुट्टीत भाड्यानं द्यायच्या, ही कल्पना माझी. संचालक हसले. "ह्या उन्हात कोण येतंय बे इथं मरायला?" पण लोक आले. गाड्या घेऊन आले आणि परत जाताना कपाटाचं कौतुक करून गेले.

खोलीतलं ते कपाट म्हणजे माझा अभिमान. पाहुण्याला ऐनवेळी काय लागेल याचा विचार करून मी ते भरलं होतं. टॉर्च, मेणबत्त्या, काड्यापेटी, सुई-दोरा आणि शर्टाच्या चार गुंड्या. ओआरएसची पाकिटं, कापूस, पट्ट्या, मुरगळलेल्या पायाला गुंडाळायचं ताणाचं बँडेज. दोन जातीचे चार्जर. किल्ला चढताना आधाराला बाभळीच्या तासलेल्या काठ्या. गाडीची काच पुसायला बादली आणि फडकं. बायकांच्या अडचणीचे पॅडसुद्धा. ते आणायला केजला गेलतो, तर मेडिकलवाला माझ्याकडे बघत म्हणाला, "कुणासाठी?" म्हटलं, "संस्थेसाठी." तो अजून हसत असेल.

आणि बाहेर सावलीला पाण्याचा निळा ड्रम.

त्या साली टँकरचं पाणी रेशन कार्डावर मिळायचं. एका कार्डाला एक ड्रम, दिवसाआड. खोल्यांना कार्ड कुठलं असणार? मी डोकं चालवलं. थोरल्या भावाच्या, दादाच्या कार्डावरून माझं नाव कमी करून विभक्त कुटुंब दाखवलं आणि नवं कार्ड काढलं. म्हणजे एक ड्रम वाढला, तो खोल्यांना. दादानं कागदावर अंगठा उठवताना एवढंच विचारलं, "कागदावरच वेगळं व्हायचं ना?"

"कागदावरच."

"मग पाहुण्यांचं उरलेलं पाणी माझ्या गाईला."

गाय गाभण होती. दिवस भरत आले म्हणून दादानं तिला छावणीला धाडलं नव्हतं. आमच्या घरात तेवढंच एक जनावर राहिलं होतं. ती जगली तर घर जगणार होतं. घरच्या ड्रमात पाच माणसांचं पिणं-रांधणं कसंबसं भागायचं. गाईचं पाणी पाहुण्यांच्या ड्रमात होतं, हे मला चांगलं माहीत होतं.

गावात तेव्हा घरोघर ड्रमला कुलूप असायचं. सख्खा शेजारीसुद्धा पाणी चोरायचा. पण पाहुण्यासमोर पाण्याला कुलूप लावणं, 'जपून वापरा हो' असं म्हणणं, हे आमच्याकडं मेल्याहून मेल्यासारखं. मी शिकलेला, तरी मला ते जमलं नाही. कुलूप लावलं आणि चावी खोलीतल्या खिळ्याला अडकवली. तोंडातून एक शब्द काढला नाही. सगळं तिथंच चुकलं.

त्या दिवशी खोलीत एक साहेब आणि त्यांची बायको उतरली होती. दुपारी निघणार होते. टँकर यायचा होता म्हणून गावच्या बाया उतारावर घागरींची रांग लावून सकाळपासून उन्हात बसल्या होत्या. मी पुढच्या खोलीत सभेचं इतिवृत्त लिहीत होतो. अचानक बाहेर गलका झाला.

गाडीची धूळ साहेबांना बघवली नव्हती. बादली होती, फडकं होतं, चावी खिळ्याला होती. टपापासून चाकापर्यंत त्यांनी गाडी धुतली. ते पाणी उतारानं वाहत रांगेतल्या घागरींमधून गेलं. आमच्या गल्लीतली चुलती वाकली, ओल्या मातीवर पंजा ठेवला, हुंगला आणि किंचाळली, "अगं, साबणाचं हाय! पाण्यानं गाडी धुतली मुडद्यानं!"

मी मागं धावलो तेव्हा पहिला दगड गाडीवर पडला होता. काच एकदम फुटत नाही. आधी पांढरी जाळी होते, मग आत कोसळते. दुसरा दगड माझ्या खांद्याला लागला. साहेब ओले हात पुसत उभे होते. "अहो, पण तुम्हीच सगळं ठेवलंय ना?" म्हणाले. खरंच होतं ते. मी त्यांना खोलीत ढकललं, बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो. त्यांना ढकलताना हातात सापडली ती कपाटातली काठी होती.

"सरक शिकट्री!" चुलती ओरडली. "आमच्या पोरी तोंड धुईनात आन् तू गाडीला अंघोळ घालतूस?" कुणीतरी माझा शर्ट धरून फाडला. एका बाईनं घागरीचा काठ कपाळावर हाणला. रक्त डोळ्यात उतरलं. मी काठी उगारली होती, पण बायांवर चालवली नाही, एवढं माझ्या बाजूनं लिहितो.

मग दादा आला. सायकलच्या दोन्ही बाजूंना कळशा. उरलेलं पाणी न्यायला आला होता. त्यानं ड्रमात वाकून बघितलं. कळशी आत घातली, ती तळाला घासली. तो आवाज ऐकून उगारलेल्या घागरी खाली आल्या.

"कळा सुरू झाल्यात तिला," दादा म्हणाला. "पाणी कुठाय?"

चुलतीनं गाडीकडं बोट केलं.

दादाच्या सायकलला कुऱ्हाड बांधलेली असे, झाडाचा पाला तोडायला. त्यानं ती सोडली. पहिला घाव ड्रमवर घातला. प्लास्टिक उभं फाटलं. दुसरा, तिसरा. ड्रमचे तुकडे झाले तरी तो थांबेना. मग दाराकडं वळला.

"दादा, आत बाई हाय."

"सरक."

"दादा, पाहुणे हायेत."

"आन् मी कोण हाय बे? कागदावर वेगळा झालेला?"

त्यानं कुऱ्हाड उचलली. दाराची फळी पातळ होती. मी काठी दोन्ही हातांनी फिरवली आणि त्याच्या मनगटावर हाणली. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. कुऱ्हाड पडली. दादा गुडघ्यावर बसला. हात कोपरापासून धरून माझ्याकडे बघत राहिला. ज्या हातानं त्यानं दारोदार दूध घालून माझी कॉलेजची फी भरली, तो उजवा हात. पंजा भलतीकडंच लोंबत होता.

बाया मागं सरल्या. कुणीतरी म्हणालं, "भावानं भावाचा हात मोडला गं." आतून दार वाजलं. कडी काढली तर साहेबांची बायको कपाटातलं बँडेज आणि कापूस घेऊन बाहेर आली. दादाशेजारी मातीत बसली. फुटल्या ड्रमचे दोन तुकडे दोन बाजूंना लावले आणि दादाचा हात बांधला. बांधलं नीट. मग दोघं काचेविना गाडी घेऊन गेले. साहेब पोलिसात जातो म्हणाले होते. गेले नाहीत.

"जीप बघतो, दवाखान्यात जाऊ," मी म्हणालो.

"गाय व्यायल्याबिगर मी हलत न्हाई," दादा म्हणाला. "चल. तुझे हात तरी साबूत हायेत."

मी जन्मात कधी विणारी गाय सोडवली नव्हती. मला शिकायला पाठवलं होतं, गोठ्याची कामं दादाकडं. गोठ्यात गाय आडवी पडून पाय झाडत होती. वासराचे खूर दिसत होते आणि तिथंच अडकले होते. वहिनीनं दादाचा हात बघितला, मग माझ्याकडं बघितलं आणि तोंडावर पदर दाबला.

"खूर धर," दादा म्हणाला. "तसं न्हाई! पंचा गुंडाळून धर, निसटतंय. कळ आली की वढ. कळ नसली की थांब. आरं थांब म्हनलं ना बे, आतडं वढतूस का तिचं?"

मी ओढत होतो. गाय हंबरत होती. एकदा तिनं मागचा पाय असा झाडला की मी भिंतीवर आदळलो. कपाळाची जखम परत फुटली. माझं रक्त, तिचं रक्त, सगळं एक झालं. दादा शेजारी बसून शिव्या देत होता, मला की गाईला, कळत नव्हतं. शेवटी वासरू एकदम घसरून माझ्या मांडीवर आलं. कालवड होती. वहिनीनं नाकातला चिकटा काढला, तेव्हा ती शिंकली.

पण गाय मान उचलेना.

"पाणी पाहिजे तिला," दादा म्हणाला. "गुळाचं, कोमट. आत्ता."

घरच्या ड्रमच्या तळाशी गढूळ गाळ राहिला होता. टँकर त्या दिवशी आलाच नाही. मी बादली उचलली आणि ज्यांनी दगड मारले त्यांच्याच दारात गेलो.

पहिली चुलती. उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "गाडी पुसायची हाय का?"

"गाय व्यालीय, काकू."

ती आत गेली. कुलूप उघडल्याचा आवाज आला. दोन तांबे बादलीत ओतले आणि म्हणाली, "गाईसाठी देते. तुझ्यासाठी न्हाई." पुढच्या घरानं माझं तोंड बघूनच दार लावलं. त्यापुढच्या घरात संस्थेचा एक सभासद. त्यानं आधी माझ्या कानशिलात लावली. "ही दादासाठी," म्हणाला आणि मग एक तांब्या दिला. अशी सात-आठ दारं. कुठं तांब्या, कुठं वाटी, कुठं नुसती शिवी. परत आलो तेव्हा बादली अर्धी होती. ती अर्धी बादली मी छातीशी धरून आणली, थेंब सांडू दिला नाही.

गाय प्यायली. बादलीचा तळ चाटला. दिवस मावळायच्या आत पाय लटपटत उभी राहिली. मग दादा जीपमध्ये बसला.

त्याचा हात दीड महिना प्लॅस्टरमध्ये होता. वहिनीचा हात गाईला चालत नव्हता, जवळ आली की शिंगं उगारायची. म्हणून धार काढायचं माझ्याकडं आलं. मी रोज सकाळी गुडघ्यात पातेलं धरून बसायचो आणि रोज ती लाथ घालायची. पोटऱ्या काळ्यानिळ्या झाल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी पातेलं उलटलं, सगळं दूध शेणात गेलं. दादा ओट्यावर बसला होता. त्या दिवसापासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"अंगठा आत घे बे," तो म्हणाला. "सड वढायचं न्हाई, दाबायचं. तीन वर्षं कॉलेजात काय केलंस?"

मी पातेलं विसळून घेतलं आणि परत बसलो. अंगठा आत घेतला. तिनं परत लाथ घातली.