फांदी बांधून उतरलेला घाट

माझा हात पहिल्यापासून चालणारा. लहानपणी भावानं वेणी ओढली म्हणून मी त्याच्या पाठीत वरवंटा घातला होता. लग्न होऊन अमडापूरला आले तर सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "सून कामाची हाय वं, पण म्हैस मारकुटी हाय." खोटं कशाला बोलू, होतेच मी तशी. माझा नवरा मात्र मुंगीला वाट करून देणारा माणूस. प्राथमिक शाळेत शिकवायचे, म्हणून सारं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, आणि मीही.

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली होती. ग्रामसेविकेच्या जागा निघाल्या. मी सातवी पास. मुलाखत खामगावच्या कचेरीत, आणि अट एकच अवघड: खेडोपाडी फिरावं लागतं, तर सायकल चालवून दाखवायची. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मी हट्टाला पेटले. आयुष्यभर दुसऱ्याच्या हातातली भाकर नको होती मला. ती जागा मला पाहिजेच होती.

गावात शिकायची सोय नव्हती. बाई सायकलवर दिसली असती तर पोरं ढेकळं घेऊन मागं लागली असती. एस.टी. मोठ्या सडकेनं जायची, पण जंगलातून खामगावकडं उतरणारा एक जुना गाडरस्ता होता. त्यावर मोटार नाही, ट्रक नाही. क्वचित एखादी बैलगाडी. दर रविवारी मास्तर मला तिथं न्यायचे. गुडघे सोलले, कोपर फुटलं. एकदा तरवडाच्या झुडपात तोंडावर आपटले, तेव्हा उठून सायकललाच दोन लाथा घातल्या. मास्तर पोट धरून हसले. "अवं, तिले काऊन मारतं? ते काय म्हणे तुले?"

पण शिकले. नऊवारीचा काष्टा कामी आला. पाचवारीत दांड्याच्या सायकलवर टांग टाकता आली नसती. आणि एकदा तोल सापडल्यावर त्या रस्त्याची मला चटकच लागली. दोन्हीकडं साग, मधे गाड्यांच्या चाकोऱ्या, चढावर उतरून ढकलायचं, माथ्यावर घोटभर पाणी प्यायचं आणि पुन्हा बसायचं. कानात वारा घुसला की मी मोठमोठ्यानं ओरडायची. ऐकायला होतं कोण? मोर आणि मास्तर.

मुलाखतीच्या दिवशी पहाटेच निघालो. मास्तरांची सायकल त्यांना, माझ्यासाठी एक भाड्यानं आणलेली. दिवाळी होऊन गेली होती, थंडी होती. उन्हं वर आली तेव्हा घाटाच्या तोंडाशी पोचलो. तो घाट नुसत्या ब्रेकवर उतरायचा नसतो. कॅरिअरला दोरीनं पाल्याची फांदी बांधायची, ती मागं फरफटत येते आणि सायकल आवरते. फांदी हिरवी लागते, वाळकी तडातड मोडते. मास्तर म्हणाले, "मी धावड्याच्या झाडाची आणतो, थांब." मला कुठला धीर! जवळच्या कोवळ्या सागाची फांदी मी सोबत आणलेल्या विळ्यानं सपकन तोडली आणि बांधूनही टाकली. साग सरकारचा, हे मला माहीत नव्हतं असं नाही. म्हटलं, जंगलात कोण बघतंय?

बघणारा खाली नाक्यावरच बसला होता. फॉरेस्टचा गार्ड, तरणाच, खाकी कोट घातलेला, मास्तरांना तोंडओळखीनं जाणणारा. माझ्या मागची फांदी पाहून तो उठला आणि आधी माझ्या सायकलचं हँडल धरलं.

"साग तोडला? सायकल जप्त."

मास्तर उतरून हात जोडत पुढं आले. "साहेब, चुकलं. माही सायकल ठेवा. हिची नका ठेवू, हिची मुलाखत हाय."

"काऊन बे मास्तर, पोराईले हेच शिकवतं काय? अन् बायकोले सायकलवर बसवून जंगलात फिरवतं? लाज नाही वाटत?" असं म्हणत त्यानं मास्तरांच्या थोबाडीत ठेवून दिली. चष्मा उडून मातीत पडला. मास्तरांनी तो उचलला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा हात जोडले.

ते जोडलेले हात पाहून माझ्या डोक्यात सणक गेली. मास्तरांच्या सायकलचा पंप ओढून काढला आणि गार्डाच्या कपाळावर घातला. एक, आणि तो वाकला तसा मानेवर दुसरा. रक्ताची धार नाकावरून खाली आली. तो मटकन बसला. बोंबलायला लागला, "दोघाईले आत टाकतो! तुही मास्तरकी घालवतो!" मी तिसरा घालणारच होते.

मास्तरांनी माझा हात धरला, पंप हिसकला, फेकला. आणि मला मारलं. पहिली गालावर, दुसरी कानावर. खाली पडले तर झिंज्या धरून उठवलं आणि तिसरी तोंडावर. ओठ फाटला, डोळ्याखाली लगेच सुजलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, या माणसानं मला कधी आवाज चढवून झिडकारलं नव्हतं. मी उलटा हात उचललाच नाही. भावाला सोडलं नाही, गार्डाला सोडलं नाही, आणि तिथं मात्र नुसती उभी राहिले. याचं मला आजही नवल वाटतं.

गार्ड बघत होता. मास्तरांनी रुमालानं त्याचं डोकं बांधलं, पाणी पाजलं. बाईनं मारलं हे कचेरीत सांगायची त्यालाही चोरीच होती म्हणा. तो हसला. "आता बराबर. बायकोले ताब्यात ठेव मास्तर. जाय घेऊन सायकल."

खामगावपर्यंतची सपाट वाट आम्ही शेजारी शेजारी चालवली. मास्तर आपले बोलत होते. "मारलं नसतं तर सायकल गेली असती. माही नोकरी गेली असती. तूच सांग, काय करू मी?" खरंच होतं ते. मी ओठाचं रक्त गिळत पायडल मारत राहिले. कचेरीच्या फाटकाशी ते हळूच म्हणाले, "तोंडाचं विचारलं त पडली म्हणून सांगजो. मास्तराची इज्जत हाय वं गावात."

आत टेबलामागं एक साहेब आणि एक पांढऱ्या पातळातल्या बाई. खिडकीतून बाहेरचं मैदान दिसत होतं. मास्तर दोन्ही सायकली धरून अगदी खिडकीशी उभे होते. साहेबांनी माझं तोंड पाहिलं आणि कागद बाजूला सारला.

"काय झालं बाई? सायकलवरून पडलात वाटतं? मग कसं जमणार तुम्हाला? इथं रोज आठ-दहा मैल जावं लागतं."

विहिरीवर पडले, उंबऱ्याला अडखळले, हे आमच्या बायांचं तोंडपाठ असतं. पण सायकलवरून आलेल्या बाईनं कुठंही पडल्याचं सांगितलं तरी साहेब सायकलच धरणार होते. पडले म्हटलं असतं तर मास्तर वाचले असते आणि जागा गेली असती. मी खिडकीकडं पाहिलं. मास्तरांनी मान हलवली, नको म्हणून. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा जीव तुटला, तरी बोलले.

"नाही साहेब, मी सायकलवरून पडत नाही. मले माह्या मालकानं मारलं. ते काय, खिडकीत उभे हायेत."

बाईंनी दौतीत टाक बुडवला होता, तो तसाच धरून त्या बघत राहिल्या. साहेब म्हणाले, "चालवून दाखवा."

बाहेर आले, मास्तरांच्या हातून माझी सायकल घेतली. मैदानाला तीन फेऱ्या मारल्या, एकदाही पाय टेकवला नाही. कचेरीतले कारकून, शिपाई, मुलाखतीला आलेल्या बाया, सारे माझं आतलं बोलणं ऐकून ओट्यावर येऊन उभे राहिले होते. माझ्याकडं कोणी पाहतच नव्हतं. सगळे मास्तरांकडं पाहत होते, आणि मास्तर मान खाली घालून, दोन्ही हातांनी आपली सायकल धरून, माझं होईपर्यंत तिथंच उभे राहिले.