प्रिंटर बंद होता, तरी उत्तर आलं

मी हिशेब तपासणारा माणूस. असले अनुभव सांगणाऱ्याला उलट प्रश्न विचारून गप्प करणाऱ्यांतला. म्हणून जे झालं तेवढंच लिहितो...

२००६चा मार्च. आमच्या कोंबडी-खाद्याच्या कंपनीने मुळशीत, रिह्याला, एक दुमजली घर ऑफिससाठी भाड्याने घेतलं होतं. सर्व्हर वर, प्रिंटर खालच्या खोलीत. सर्व्हरवर लिनक्स – माउस नाही, चित्रं नाहीत, नुसती काळी स्क्रीन आणि टाइप करायच्या कमांड. प्रिंटर जोडायचं काम मी अंगावर घेतलं. रविवार, म्हणून बायको सुनंदाही सोबत आली.

घरमालकीण काकींनी आल्या आल्या बजावलं, "सायेब, ह्या घरात भिंतीआडून नाव घिऊन हाक मारू नका. कडी वाजवायची. आमी तसंच करतो."

"का हो? भिंत ओ देते?"

"देती." काकी हसल्या नाहीत.

दुपारी टेस्ट पेज पाठवलं, ते रांगेतच अडकलं. प्रिंटर बंद असणार. सुनंदाला म्हटलं, "खाली जाऊन बटण दाब. कागद आला की सांग."

"कंपनी मला पगार देणार का?" म्हणत ती जिना उतरली.

जरा वेळाने मी जागेवरूनच ओरडलो, "सुनंदा, आला का?"

"आला." खालून. तिचाच आवाज.

स्क्रीनवर मात्र पेज रांगेतच. पुन्हा पाठवलं. "सुनंदा, आता?"

"आला."

आता रांगेत दोन पेजेस. बाहेर एकही गेलेलं नाही... आणि सुनंदा 'अहो' म्हटल्याशिवाय माझ्याशी कधी बोलत नाही.

धावत खाली गेलो. प्रिंटर बंद. कागदांचं पाकीट फोडलेलंसुद्धा नाही. खोलीत कोणी नाही – मागचं दार सताड उघडं.

मागे बिनकठड्याची विहीर. तिच्या काठावरून काकी सुनंदाला कमरेला धरून मागे ओढत होत्या.

"सोडा हो! हे आत पडलेत, हाका मारतायत मला!"

मी तोंड उघडलं, तशा काकी किंचाळल्या, "नाव घिऊ नका! म्होरं या, दिसा तिला!"

मी समोर गेलो. ती माझ्याकडे बघत राहिली... मग पुन्हा विहिरीकडे.

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने प्रिंटरचं बटण दाबलं. दोन्ही पेजेस निमूट बाहेर आली. माझ्या कामात चूक नव्हती. मग खालून उत्तर कोणी दिलं? माझ्या आवाजात तिला कोणी बोलावलं? आजतागायत जुळलेलं नाही.

आता बावधनच्या फ्लॅटमध्ये मी तिला हाक मारत नाही. उठून जातो, समोर दिसली की बोलतो. तरी कधीतरी ती गॅस बारीक करून माझ्यापाशी येते –

"अहो, आत्ता हाक मारलीत?"